मगाची कड घासावी की खाली तांब्याची चकती ठेवावी?

जानेवारीत नाशिकचा पारा १० अंशांखाली गेला की मग-वॉर्मरवरचा, म्हणजे मग गरम ठेवणाऱ्या विजेच्या तबकडीवरचा, चहाही कोमट होतो. दोष बहुतेकदा वॉर्मरचा नसतो. चहाचा मग उलटा करून बघा: बुडाला गोल कड असते, आत दोन-तीन मिलिमीटरची पोकळी. त्या पोकळीतली हवा उष्णता अडवते.

पहिला उपाय कड घासण्याचा. सपाट काचेवर वॉटरपेपर (ओला चालणारा घासकागद) ठेवून, पाणी घालत मग गोल फिरवायचा. कोरडं अजिबात घासू नका, ती धूळ फुप्फुसांना घातक. मी तासभर घासलं, मनगट भरून आलं, तरी बूड मधोमध किंचित आत वळलेलंच निघालं. फट राहिलीच.

दुसरा उपाय तांब्याच्या चकतीचा. आपल्या भांडी बाजारात पत्रा सहज कापून मिळतो. चकती कडेच्या आत बसेल एवढी, पण पोकळीपेक्षा केसभर जाड हवी. मगाचं बूड तिच्यावर टेकलं पाहिजे, मग कडेवर उभा राहता कामा नये. डिंक नको, ती वॉर्मरवरच राहू द्या. मायक्रोवेव्हमध्ये मात्र चुकूनही जाऊ देऊ नका. तांबं काळवंडतं, चिंच लावली की उजळतं.

मी चकतीच घेईन. आवडता मग घासायला माझा हात धजत नाही.