तंपानूरचे इंडियन कॉफी हाउस: चढणीवरचे उपाहारगृह

तिरुवनंतपुरमच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडले की समोरच राज्य परिवहनाचे मध्यवर्ती बसस्थानक लागते आणि त्याच्या शेजारी, दुकानांच्या पाट्या व रिक्षांच्या गर्दीतून डोके वर काढून, विटकरी रंगाचा एक दंडगोल उभा दिसतो. त्याच्या अंगावर लहान लहान झरोक्यांच्या ओळी तिरक्या चढत गेलेल्या आहेत. नवख्या माणसाला ही पाण्याची टाकी वाटावी किंवा कबुतरखाना वाटावा, अशी ती आकृती आहे. प्रत्यक्षात ते तंपानूर भागातील इंडियन कॉफी हाउस असून त्याची रचना जन्माने ब्रिटिश वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांची आहे. हवामानाला धरून केलेले बांधकाम हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्यामुळे या इमारतीचे आराखडे आणि छायाचित्रे मी पूर्वी अनेकदा पाहिली होती. मात्र उपाहारगृहाची परीक्षा तेथे बसून, खाऊन आणि घाम येतो की नाही हे पाहूनच करावी, या मताचा मी असल्याने हे परीक्षण एका दुपारच्या मुक्कामानंतर लिहीत आहे.

आत शिरल्यावर जिना शोधू नये, कारण तो नाही. नेहमीच्या अर्थाने मजलेही नाहीत. मधोमध एक गोल गाभा आहे आणि त्याच्याभोवती एकच सलग चढण वळत वळत वर जाते. बाहेरच्या भिंतीला लागून बांधकामातच घडवलेली टेबले आणि बसायचे कट्टे आहेत. प्रत्येक टेबल आधीच्या टेबलापेक्षा थोडे उंच असल्यामुळे पुढच्या माणसाचे डोके आपल्या नजरेच्या किंचित खाली राहते आणि शेजाऱ्याच्या ताटात डोकावण्याचा संकोच आपोआप टळतो. जागेची चणचण असलेल्या भूखंडावर मजल्यावर मजला चढवला असता, तर जिना, त्याचे चौक आणि येण्याजाण्याची बोळकांडी यांनी बरीच जागा खाल्ली असती. येथे वाट हीच बैठक आहे. चढता चढता रिकामे टेबल दिसले की बसावे, नाही दिसले तर आणखी एक वळण घ्यावे, इतकी ती व्यवस्था सोपी आहे.

खाण्याविषयी थोडक्यात सांगतो. इंडियन कॉफी हाउस ही कामगारांची सहकारी संस्था आहे. 1950च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने बेकार होऊ घातलेल्या कामगारांनीच ती चालवायला घेतली. पांढरा गणवेश, कमरेला रुंद पट्टा आणि पंख्यासारखा तुरा असलेला फेटा हा वाढप्यांचा थाट आजही पाहायला मिळतो. केरळातील शाखांची खूण म्हणजे बीट. कटलेट आतून लालभडक निघते आणि मसाला डोशातल्या भाजीलाही तोच रंग असतो. बटाट्याच्या पिवळ्या भाजीवर वाढलेल्या आपल्या जिभेला पहिला घास परका वाटतो, दुसरा कमी परका. कॉफी चांगली, दर कोणालाही परवडावेत असे, आणि गिऱ्हाईकही त्यामुळेच सर्व थरांतले. केवळ चवीसाठी दूरवरून वाट वाकडी करावी असे मी म्हणणार नाही. इमारतीसाठी मात्र जरूर करावी.

दुपारी तीनच्या सुमारास मी दुसऱ्या वळणावर, पश्चिमेकडच्या बाजूला बसलो होतो. भिंतीतल्या झरोक्यांच्या जाळीतून आलेले उन्हाचे लहान तुकडे टेबलावर पडलेले होते. कॉफी येईपर्यंत त्यांतला एक तुकडा बशीच्या कडेवर होता. कप रिकामा झाला, तेव्हा तो बशी ओलांडून पाण्याच्या पेल्यापाशी पोचला होता. एवढे ऊन सरळ त्या भिंतीवर येत असूनही डोळ्यांवर तिरीप आली नाही, याकडे माझे लक्ष वेधले गेले. केरळात ढगाळ दिवशीसुद्धा आकाश झगझगीत असते आणि मोठ्या खिडकीतून तो झगझगाट सबंध खोलीत शिरतो. जाळीत प्रत्येक झरोका भिंतीच्या जाडीइतका खोल असतो, त्यामुळे आकाशाचा थोडासाच भाग डोळ्यांना दिसतो आणि बाकीचा उजेड विटांच्या कडांवर आपटून, मवाळ होऊन आत येतो. पावसालाही हीच खोली अडवते. तिरक्या सरीचे चार थेंब आत येणार हे धरूनच चालावे लागते, परंतु टेबले, कट्टे सारेच पक्क्या बांधकामाचे असल्यामुळे त्या थेंबांनी बिघडण्यासारखे फारसे काही नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. बेकर यांच्या इमारती थंड राहतात त्या विटेमुळे, असे सरसकट सांगितले जाते. जाड भिंत उष्णता साठवते आणि रात्री सोडते, हे खरे. पण त्याचा लाभ मिळण्यासाठी दिवस आणि रात्र यांच्या तापमानात चांगली तफावत असावी लागते. तिरुवनंतपुरमच्या दमट किनारी हवेत ती तफावत थोडी असते. तेथे माणसाला बरे वाटते ते अंगावरून सरकणाऱ्या वाऱ्याने, कारण घाम वाळतो तो त्यामुळेच. म्हणून या भिंतीत श्रेय द्यायचे तर विटेपेक्षा विटांमधल्या पोकळीला अधिक द्यावे लागेल. शिवाय बाहेरची भिंत वर्तुळाकार आणि चहूबाजूंनी जाळीदार असल्यामुळे वारा कोणत्याही दिशेने आला तरी त्याला आत शिरायला वाट मिळते, आणि चढण सलग असल्याने आतली गरम हवा मजल्यांच्या छतांखाली न कोंडता वरवर सरकू शकते.

वातानुकूलनाशिवाय लोक तेथे निवांत बसतात, याचे स्पष्टीकरण केवळ भौतिकशास्त्रात नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी देशातील पाच शहरांतल्या कार्यालयांमध्ये, तेथे काम करणाऱ्यांना विचारून, भारतीयांच्या उष्मासौख्याचा, म्हणजे किती तापमानात माणसाला बरे वाटते याचा, अभ्यास केला. खुल्या खिडक्यांच्या इमारतीत वावरणारी माणसे बाहेरच्या ऋतूशी जुळवून घेतात आणि परदेशी मानकांनी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक तापमानही त्यांना सुसह्य वाटते, असे त्यातून दिसले. या अभ्यासातून बनलेल्या प्रारूपाला 2016च्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्थान मिळाले. कॉफी हाउसमध्ये बसलेल्या कोणालाही हे प्रारूप ठाऊक असण्याचे कारण नाही. ते सदऱ्याचे वरचे बटण काढतात, वाऱ्याच्या बाजूची जागा पकडतात आणि गरमच कॉफी मागवतात.

हे सारे पाहताना मला आमच्या पुण्यातले एक नवे उपाहारगृह आठवले. त्याचे नाव सांगत नाही. दर्शनी बाजूस सुरेख विटांची जाळी, तिच्या मागे अखंड काच, काचेच्या मागे ओढलेला पडदा आणि आत सुरू असलेले वातानुकूलन, अशी त्याची मांडणी होती. जाळीचा उपयोग धूळ साठवण्यापुरता उरला होता. काच काढली असती तरी प्रश्न सुटला नसता, कारण पुण्याचा एप्रिल कोरडा असतो. दुपारची हवा बाहेरून आत घेणे म्हणजे भट्टीचे दार उघडणे होय. तेथे दुपारी बंद आणि रात्री सताड उघडी राहणारी जाड भिंत अधिक कामाची, जसे आपल्या जुन्या वाड्यांत होते. तंपानूरची जाळी पुण्यात आणायची असेल, तर आधी तंपानूरचा दमट वारा आणावा लागेल.

बेकर चीनमधून इंग्लंडला परतत असताना जहाजासाठी त्यांना मुंबईत थांबावे लागले आणि तेथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर हे आसपासच्या पाच मैलांत मिळणाऱ्या सामग्रीतून बांधावे, हा गांधीजींचा विचार ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. 1945मध्ये ते भारतात आले, कुष्ठरोग्यांसाठी इमारती उभारू लागले आणि अखेर तिरुवनंतपुरममध्ये स्थायिक झाले. 1990मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2007मध्ये याच शहरात त्यांचे निधन झाले. पाच मैलांचा हा विचार प्रमाण मानला तर कॉफी हाउसच्या विटेकडेही डोळसपणे पाहायला हवे. भाजलेल्या विटेला सुपीक माती आणि जळण, दोन्ही लागतात, त्यामुळे ती निर्दोष सामग्री नव्हे. तिचा वापर किती काटकसरीने केला, यावर तिची किंमत ठरते, आणि भोकाभोकांची भिंत त्या हिशेबात नक्कीच उजवी ठरते.

उणिवा सांगितल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला ही अरुंद, सतत वळणारी चढण सोयीची नाही. पायऱ्या नाहीत म्हणून जागा सर्वांसाठी खुली झाली, असा दावा कोणी करू नये. गुडघेदुखी असलेल्यांनी पहिल्याच वळणावर जागा शोधावी. आठ-दहा जणांच्या घोळक्याला एकत्र बसता येईल अशी ही रचना नाही. भरलेला ट्रे तोलून दिवसभर हा चढउतार करणाऱ्या वाढप्यांच्या पायांचा विचारही मनात येतोच. शिवाय जाळी वाऱ्याबरोबर बसस्थानकाचे भोंगेही आत आणते. मला त्यांचा त्रास झाला नाही, पण शांततेत वाचत बसायचे असेल त्याने अन्यत्र जावे.

वेळ असल्यास उल्लूर येथील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा परिसरही पाहावा. बेकर यांची जाळी तेथे झाडांच्या सावलीत, अधिक ऐसपैस भेटते. कॉफी हाउसला मात्र दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान जावे, पश्चिमेकडचे टेबल धरावे आणि पुढची गाडी पकडायची असेल तर बिल थोडे आधीच मागावे, कारण उतरताना प्रत्येक वळणावर पाय रेंगाळतो.