एका बाजारात भाव उडाला आणि तारण गेलं

26 नोव्हेंबर 2020 ला कंपाउंडवर, म्हणजे क्रिप्टो तारण ठेवून कर्ज देणाऱ्या सेवेवर, सुमारे 8.9 कोटी डॉलरची लिक्विडेशन्स झाली, म्हणजे कर्ज मर्यादेबाहेर गेलं म्हणून तारण विकलं गेलं. हॅक नव्हता, कोडही बिघडला नव्हता. एका डॉलरला बांधलेलं डाय हे स्थिरनाणं कॉइनबेस प्रो या एक्स्चेंजवर 1.30 डॉलरपर्यंत उडालं आणि कंपाउंडच्या ओरॅकलने, म्हणजे बाहेरचा भाव आत आणणाऱ्या यंत्रणेने, तोच भाव खरा धरला. पडताळणीला युनिस्वॅप या दुसऱ्या बाजाराचा सरासरी भाव होता, पण त्या सरासरीपासून 20 टक्क्यांची मुभा होती, आणि उडालेला भाव अडला नाही.

समजा 1000 यूएसडीसी (हेही डॉलरला बांधलेलं नाणं) तारण आहे. 75 टक्के धरले तर कर्जाची मर्यादा 750 डॉलर. घेतलं 700 डाय. भाव 1.30 झाला की कर्ज 910 डॉलरचं दिसतं आणि खातं लिक्विडेशनला खुलं होतं. अशा खात्यांवर टपलेला बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, निम्मं कर्ज, म्हणजे 350 डाय फेडतो. त्याची किंमत 455 डॉलर धरून वर 8 टक्के बक्षीस, म्हणजे 491.4 यूएसडीसी तो उचलतो. भाव पुन्हा डॉलरवर आला की हिशेब उघडा पडतो: 350 चं कर्ज फिटलं, तारण गेलं 491. बरं, उरलेलं खातंही मर्यादेबाहेरच असतं, त्यामुळे दुसरा बॉट लगेच हजर.

कॉइनबेसने सही केलेला भाव साखळीवर (ब्लॉकचेनवर) कुणीही टाकू शकत होतं. म्हणजे भाव टाकायचा आणि त्याच व्यवहारात लिक्विडेशन उरकायचं. नियमात सगळं बसतं. कर्जदाराच्या बाजूने पाहिलं तर ही लूटच.

भाव बदलण्याच्या त्या एका क्षणात मिळणारा मलिदा आता लिलावात काढतात. आवे या दुसऱ्या कर्जसेवेवर, भाव पुरवणाऱ्या चेनलिंकची एसव्हीआर ही सोय तेच करते: बॉट बोली लावतात, पैसा आवे आणि चेनलिंक वाटून घेतात. पूर्वी तो बॉट आणि ब्लॉक बनवणाऱ्यांकडे जायचा, त्यापेक्षा हे बरं. पण याला न्याय्य वाटा समजू नका. कर्जदाराचा दंड तेवढाच राहतो, त्यातला पैसा त्याच्याकडे परत येत नाही.

कर्ज घेण्याआधी प्रत्येक नाण्याचा भाव कुठून येतो ते साखळीवरच्या स्मार्ट करारात बघा. एकाच एक्स्चेंजचा किंवा युनिस्वॅपसारख्या बाजारातल्या एकाच पूलचा (नाण्यांच्या साठ्याचा) असेल तर तिथे कर्ज घेऊच नका. चेनलिंकचा फीड (भावाचा प्रवाह) असेल तर तो किती टक्क्यांनी आणि किती वेळाने बदलतो तेही बघा; इथेरियमवर इथर-डॉलरला 0.5 टक्का किंवा एक तास आहे. दोन्ही बाजूंना स्थिरनाणी आहेत म्हणून मर्यादेला टेकून कर्ज घेणं हाच सापळा. वरच्या उदाहरणात कर्ज 576 डायच्या आत असतं, तर 1.30 ला खात्याला धक्काही लागला नसता.