म्युरेडाकचा क्रूस, मोनॅस्टरबॉइस: सकाळच्या उन्हात पाहण्याचे शिल्प

आयर्लंडच्या लाउथ परगण्यात, ड्रॉहेडा शहरापासून काही किलोमीटर उत्तरेला, मोनॅस्टरबॉइसच्या प्राचीन मठाची दफनभूमी आहे. तेथे म्युरेडाकचा दगडी क्रूस हजारएक वर्षे उघड्यावर उभा आहे. राष्ट्रीय स्मारक असूनही त्यासाठी तिकीट नाही. थडग्यांमधल्या वाटेने चालत गेले, की माणूस थेट शिल्पासमोर उभा राहतो.

सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या या वालुकाश्माची पूर्व बाजू आपण वीरगळ वाचतो तशी खालून वर वाचावी. तळाशी आदम आणि हव्वा, त्यांच्या शेजारीच हाबेलचा जीव घेणारा काइन, त्यावर दावीद आणि गल्याथ, मग खडकातून पाणी काढणारा मोशे, बाळ येशूच्या दर्शनाला आलेले ज्ञानी पुरुष आणि त्यावर, दोन्ही दांडे मिळतात तेथे, अंतिम न्याय. ख्रिस्ताच्या पायाखाली आत्म्याचे वजन होत आहे आणि आडवा पडलेला सैतान पारडे फिरवण्याची खटपट करतो आहे. एवढ्याशा जागेत इतका जिवंत प्रसंग मी दगडात क्वचितच पाहिला आहे. पश्चिमेला क्रूसारोहण आहे. त्याच बाजूच्या तळाशी, दोन मांजरांच्या सोबतीने, हा क्रूस घडवून घेणाऱ्या म्युरेडाकसाठी प्रार्थना मागणारा आयरिश लेख कोरला आहे. इ.स. 923 च्या सुमारास निवर्तलेला येथील मठाधिपती तो हाच, असे अनेक अभ्यासक मानतात.

जवळच सुमारे सात मीटरचा पश्चिम क्रूस आहे. उंचीने तो वरचढ असला, तरी त्याचे बरेचसे शिल्पपट वाऱ्यापावसाने इतके झिजले आहेत, की आकृती ओळखताना डोळे शिणतात. म्युरेडाकच्या क्रूसाचेही उद्या तेच होईल, ही काळजी तो पाहिल्यावर मनातून जात नाही. क्लॉनमॅकनॉइस या आयर्लंडमधल्याच दुसऱ्या प्राचीन मठात मूळ क्रूस छताखाली नेऊन बाहेर प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. तसे येथे झाल्यास शिल्पावर फिरणारे ऊन हरवेल, हे मान्य करूनही मला तोच मार्ग योग्य वाटतो, कारण झिजलेला चेहरा पुन्हा कोरता येत नाही.

तोवर, सकाळी लवकर पोहोचून पूर्व बाजू पाहावी, कारण तिरप्या उन्हात उठाव स्पष्ट दिसतो. दफनभूमीतल्या गोल मनोऱ्याभोवती फिरून दुपारनंतर पश्चिम बाजूकडे वळावे.