काटा मधोमध आणि इंजिन खलास: सेकंडहँड पिकअपच्या व्यवहारात झालेली फसवणूक

ओझं ओढायला मोठी डिझेल पिकअप सेकंडहँड घ्यायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझ्या गाडीचं इंजिन भर चढावर जाम झालं, तेव्हा डॅशबोर्डवर तापमानाचा काटा बरोबर मधोमध होता. लाल दिवा लागला नाही, बझर वाजला नाही. आधी कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा, गोडसर वास आला, मग गाडीची ताकद गेली आणि ती जागेवरच बसली.

काटा हलला नाही, कारण तो हलूच नये अशी सोय विकणाऱ्याने करून ठेवली होती.

सोय कशी ते सांगतो. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर म्हणजे उष्णतेप्रमाणे बदलणारा रेझिस्टर. इंजिन थंड असताना त्याचा रोध काही हजार ओहम असतो, आणि ९० अंशांच्या आसपास तो दोन-तीनशे ओहमवर येतो. मीटर आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हा रोध मोजूनच तापमान ठरवतात. मेकॅनिकने सेन्सरचा सॉकेट काढला तर वायर सेन्सरपर्यंत पोचतच नव्हती. हार्नेसवरची, म्हणजे वायरच्या जुडीवरची, काळी टेप सोलल्यावर आत तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर निघाला, दोन्ही टोकांना नीट सोल्डर केलेला आणि वरून स्लीव्हही चढवलेली. चावी फिरवली की काटा मधोमध येऊन थांबायचा, मग इंजिन बर्फासारखं गार असो की उकळत असो. हे काम घाईगडबडीत केलेलं नव्हतं. ज्याने केलं त्याला हार्नेस उत्तम कळत होता.

आता व्यवहाराकडे येतो, कारण खरी कलाकारी तिथे आहे. गाडी बघायला मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. एकदा विकणारा म्हणाला, "आत्ताच धुवून आणली." पुढच्या वेळी, "बॅटरी उतरायला नको म्हणून सकाळी चालू करून ठेवली." रेडिएटरची कॅप उघडायला गेलो तर हात धरून म्हणाला, "भाऊ, गरम आहे, तोंडावर येईल." बरं, हा सल्ला शंभर टक्के खरा. गरम रेडिएटर उघडू नये, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. खऱ्या सल्ल्याच्या आड खोटी गाडी लपवली की समोरच्याला संशय घ्यायला जागाच उरत नाही. त्याचाच मेकॅनिक टॉर्च घेऊन खाली वाकला, ऑइलची कॅप काढून त्यावर तळहात धरला आणि म्हणाला, "इंजिनाला हात लावायचं काम नाही." ट्रायल दिली ती रिकाम्या गाडीची आणि सपाट रस्त्यावर. ट्रेलर लावून बघू म्हटलं तर इन्शुरन्सचं कारण पुढे केलं.

गाडी ताब्यात आल्यावर पहिलं लक्षण दिसलं ते सकाळच्या स्टार्टिंगचं. सेल्फ मारत बसायचं, पांढरा धूर, मग खडखडत चालू. ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन चालू व्हावं म्हणून सिलिंडर तापवणारे प्लग) गेले असतील म्हणून ते बदलले, काडीचा फरक पडला नाही. आता कोडं सुटलंय: रेझिस्टरमुळे ईसीयूला इंजिन कायम गरमच दिसत होतं, त्यामुळे ग्लो प्लग पुरेसे तापवलेच जात नव्हते. म्हणजे विकणारा इंजिन गरम करून ठेवायचा ते एकाच कारणासाठी नाही. रेडिएटर उघडता येऊ नये हे एक, आणि थंड स्टार्टिंगमधून रेझिस्टरचं बिंग फुटू नये हे दुसरं.

त्यानंतर कूलंट कमी व्हायला लागलं, पण खाली थेंब नाही. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) सकाळी दाबला तर दगडासारखा. थंड इंजिनात एवढं प्रेशर टिकून राहिलंय म्हणजे सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये घुसतोय. रेडिएटरची कॅप साधारण १५ पीएसआयला, म्हणजे जेमतेम एक बारला सुटते. डिझेल इंजिनात जळताना सिलिंडरमधलं प्रेशर शंभर बारच्या वर जातं. हेड गॅस्केटला, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलला, केसाएवढी वाट मिळाली तरी लोडवर गॅस कूलंटला बाहेर ढकलतो. रिकाम्या गाडीत ही वाट जवळपास बंद राहते, म्हणूनच ट्रायल रिकामी.

हेड उतरवल्यावर बाकीचं उघड झालं. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावरच त्याला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकलेला होता. "थर्मोस्टॅट काढला की गाडी तापत नाही" हा गॅरेजमधला जुना गैरसमज आहे. रिकाम्या गाडीत इंजिन गार राहतं, एवढंच. बायपास वाट असलेल्या इंजिनात थर्मोस्टॅट नसला तर बरंचसं कूलंट रेडिएटरला न जाता बायपासमधूनच फिरतं, आणि लोडवर इंजिन उलट जास्त तापतं. रेडिएटरच्या खालच्या टाकीत तपकिरी गाळ होता, त्यात तांब्यासारखे चमकणारे कण. म्हणजे गळती बंद करायची पावडर. गॅस्केटची भेग ती काही आठवडे दाबून धरते, पण त्याबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. अॅल्युमिनियमचं हेड वाकलेलं, दोन व्हॉल्व्हच्या मधे तडा. खाली ब्लॉक ओतीव लोखंडाचा, आणि अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. त्या ओढाताणीत गॅस्केट आणखी फाटलं आणि एक पिस्टन सिलिंडरला घासून चिकटला.

विकणाऱ्याला फोन केला. त्याचं उत्तर ऐका: "गाडी दिली तेव्हा काटा बरोबर होता, माझ्याकडे व्हिडिओ आहे." कागदावर "जशी आहे तशी" लिहून घेतलेलं होतंच. वकिलाचं म्हणणं असं की दोष मुद्दाम दडवल्याचं सिद्ध करता आलं तर ही ढाल बहुतेक ठिकाणी टिकत नाही, पण सिद्ध आपल्यालाच करावं लागतं. म्हणून रेझिस्टर कापून फेकू दिला नाही. हार्नेसचा तो तुकडा टेपसकट, गाळाचा नमुना, उघडताना काढलेले फोटो आणि मेकॅनिकचा सहीचा अहवाल, सगळं जपून ठेवलंय. तुमच्यावर अशी वेळ आली तर गाडी उघडायच्या आधी कॅमेरा चालू करा. उघडून झाल्यावर काढलेल्या फोटोवर "हे तुम्हीच लावलं" म्हणायला समोरचा मोकळा असतो.

गाडी बघायला जाताना आदल्या दिवशीच सांगा, मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर परत फिरा, कारण काहीही सांगो. थंड असेल तर स्कॅनर (ईसीयूमधले आकडे वाचणारं यंत्र) लावा आणि सेल्फ मारण्याआधी कूलंटचं तापमान वाचा. ते बाहेरच्या हवेच्या आणि इनटेक हवेच्या तापमानाच्या जवळ हवं. थंड गाडी ८५ दाखवत असेल तर पुढे बघायची गरजच नाही. मग चालू करून आकडा हळूहळू चढतोय का बघा, आणि बहुतेक इंजिनांत ८० ते ९० च्या दरम्यान वरचा होज एकदम तापतो का तेही. डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका. गडबड केलेली नसली तरी कित्येक गाड्यांत तो मुद्दाम मंद ठेवलेला असतो, बऱ्याच मोठ्या टप्प्यात मधोमधच राहतो.

स्कॅनरमध्ये बिघाडाचे कोड नाहीत म्हणजे गाडी चांगली, असंही समजू नका. कोड पुसता येतात. स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर बघा, म्हणजे ईसीयूने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. बरेचसे अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. कोड दिसलेच तर पी०११६ कूलंट सेन्सरचं रीडिंग पटत नसल्याचा, पी०१२८ इंजिन हवं तेवढं तापत नसल्याचा म्हणजे बहुधा थर्मोस्टॅटचा, आणि पी०२१७ थेट ओव्हरहीटचा.

रेडिएटरमध्ये शिरलेला सिलिंडरमधला जळका गॅस शोधायचं निळं रसायन मिळतं, गॅस असेल तर रंग बदलतं. डिझेलला मात्र ते आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) फसवतं, कारण आयडलला डिझेलच्या धुरात कार्बन डायऑक्साइड फार कमी असतो. लोडवर पळवून आणून लगेच टेस्ट करायला लावा, आणि ती तुमच्या मेकॅनिककडून. विकणाऱ्याने आणलेला मेकॅनिक म्हणजे विकणाराच.

माझ्या गाडीत आता दुसरं इंजिन बसतंय. पहिल्या गॅरेजने जुना रेडिएटर आणि ऑइल कूलर धुवून परत लावायचं एस्टिमेट दिलं होतं. ते मी नाकारलं. फोर्डच्या २००३ ते २००७ च्या सुपर ड्युटी पिकअपमधलं ६.० लिटर पॉवर स्ट्रोक डिझेल याच भानगडीसाठी बदनाम आहे: गाळाने ऑइल कूलर चोंदतो, त्याच्या पुढच्या ईजीआर कूलरला (इंजिनात परत सोडला जाणारा धूर गार करणाऱ्या भागाला) कूलंट मिळत नाही, तो फुटतो, आणि पाळी हेड गॅस्केटवर येते. नुसता ईजीआर कूलर बदलणाऱ्यांचा नवा कूलरही फुटायचा. त्या पावडरचा गाळ माझ्या गाडीत प्रत्येक वाटेत बसलाय, त्यामुळे रेडिएटर, ऑइल कूलर, हीटर कोअर आणि होज सगळे नवीन घेतोय, सेन्सरचा हार्नेसही. बिल वाढलंय, ते दाव्याच्या रकमेत जोडलंय.