तीन रायफलींची मिळून एक रायफल, आणि माझे ६८,७०० रुपये

हे लिहायला चार महिने लागले, कारण लाज वाटत होती. लहानपणापासून घरात परवान्याचं हत्यार बघत आलेला माणूस असा फसतो हे कुठल्या तोंडाने सांगायचं? पण गेल्या आठवड्यात शेजारच्या गावातला एक जण मला फसवणाऱ्या त्याच डीलरकडे जुनी रायफल बघायला निघाला होता. त्याला थांबवला आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.

वडिलांची बारा बोअर बंदूक झिजली होती. परवाना पीकसंरक्षणाचा, आता माझ्या नावावर. रानडुकरांचा कळप शिरला की एका रात्रीत अर्धा एकर भुईमूग उकरून पडतो, हे ज्याच्या शेतात घडलंय त्यालाच कळेल. (वनखात्याची परवानगी वेगळी काढावी लागते, ती मी काढलेली आहे. उगाच कुणी त्यावरून बोलू नये.) ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ बोअर रायफल घ्यायची असं ठरवलं होतं. नवीन परवडत नव्हती.

डीलरने गोष्ट पटेल अशी सांगितली. "दादा, मालकाकडे तीन हत्यारं होती. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर दोनच ठेवता येतात. तिसरं माझ्याकडे जमा आहे, फार चाललेलं नाही." कायद्यातला बदल खरा होता, म्हणून मी पुढचंही खरं धरलं. हे लोक असंच करतात. नव्वद टक्के खरं बोलतात आणि खोटं त्यात बेमालूम मिसळतात.

रायफलीचे ५८,०००. विकण्याच्या ४५ दिवस आधी परवानाधारकाने प्रशासनाला लेखी कळवावं लागतं, ते कागद आणि धावपळ मिळून ६,५००. "सर्व्हिसिंग करून, दोन राउंड मारून देतो" याचे ४,२००. एकूण ६८,७००. बिल दिलं ३५,००० चं. बाकीचे ३३,७०० रोख, कागदावर काही नाही. बिल पूर्ण रकमेचंच घ्या. समोरचा "टॅक्स वाचतो" म्हणाला तर उठून बाहेर या.

आता तो क्षण. चार महिने रोज रात्री डोळ्यांसमोर येतो.

रायफल टेबलावर होती. बॉडीवरचा नंबर मी परवान्याच्या नोंदीशी आकडान् आकडा ताडून बघितला, बरोबर जुळला. मग बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढला. हँडलच्या मुळाशी, मागच्या बाजूला नंबर ठोकलेला होता. शेवटचे दोन आकडे बाकीच्यांपेक्षा किंचित मोठे आणि वाकडे. त्यांच्याभोवती धातू घासलेला, पांढरा चमकत होता. बाकी सगळा बोल्ट काळा. मी त्यावरून अंगठा फिरवला. नखाला खाच लागली. मी विचारलंसुद्धा, "हे असं का?" तो म्हणाला, "फॅक्टरीत दुरुस्तीला गेली होती, तिथे बोल्ट बदलला." मी दुरुस्तीचा कागद मागितला नाही. एवढंच करायचं होतं.

मी काही अडाणी नाही. पण बोल्ट लोण्यासारखा सरकत होता आणि डीलर तोच पुन्हापुन्हा मागेपुढे करून दाखवत होता. इथेच भले भले फसतात. ३१५ ची घडण जुन्या ली-एनफिल्डची, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या रायफलीची. बोल्टचं डोकं वेगळं असतं, ते बोल्टवर आट्यांनी बसतं. त्यामुळे एकीची बॉडी, दुसरीचा बोल्ट आणि तिसरीचं डोकं एकत्र येऊ शकतं, सरकतं आणि बंदही होतं. काडतुसाच्या बुडामागे किती फट राहिली ते डोळ्यांना दिसत नाही. ते गेजनेच, म्हणजे फट मोजायच्या मापानेच कळतं, आणि गेज लावणारा माणूस विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा.

रायफल क्लबच्या रेंजवर गेलो. पहिला राउंड ठीक. दुसऱ्याला बोल्ट उघडताना जोर लागला. तिथेही थांबायला हवं होतं. तिसऱ्याला गालावर गरम वाफेचा फटका बसला आणि उजव्या भुवईत काहीतरी टोचलं. पितळेचा कण होता. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून डोळा वाचला. बोल्ट ओढला तर काडतुसाचं फक्त बूड बाहेर आलं, बाकीचं पितळ चेंबरमध्येच अडकलेलं. तिथल्या वयस्कर आर्मररने (हत्यारं तपासणाऱ्या कारागिराने) आधीची दोन रिकामी काडतुसं उचलून मला दाखवली. दोन्हींच्या बुडाच्या जरा वर गोल चमकती रेघ होती, ताणून फाटायला आल्यासारखी. मग त्यांनी गेज लावला. ज्या गेजवर बोल्ट बंद होता कामा नये, त्याच्यावर तो आरामात बंद झाला. "हा बोल्ट हिचा नाही," ते म्हणाले. "डोकंही या बोल्टचं वाटत नाही. कुणी दिली तुम्हाला ही?" मी मान खाली घालून उभा राहिलो. दोन राउंड मारून देतो म्हणणाऱ्याने एक जरी मारला असता तरी त्याला हे दिसलं असतं.

जुनं हत्यार पहिल्यांदा स्वतःच्या खांद्याला लावून झाडू नका. रिकामं काडतूस फेकण्याआधी त्याचं बूड बघा.

डीलरला फोन केला. "दादा, विकलेला माल परत नाही, तुम्हीच काहीतरी केलं असेल."

ठाण्यात गेलो. तिथले साहेब म्हणाले, हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक मंचात जा. नंबर खोडलेला आहे हे मी दाखवलं. हत्याराच्या नंबरशी छेडछाड हा आर्म्स अॅक्टखाली गुन्हा आहे, साधा व्यवहार नाही. त्यावर उत्तर काय? "मग हत्यार तुमच्या ताब्यात आहे, आधी तुमच्यावरच दाखल करावा लागेल." कायद्यात हत्याराचे सुटे भागही हत्यारातच मोडतात, हे त्यांना तेव्हा बरोबर आठवलं! डीलरकडे हा बोल्ट आला कुठून, ज्या रायफलीचा आहे ती कुठे आहे, हे विचारावंसं मात्र एकालाही वाटलं नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत गेलो, त्यांनी पोलिसांकडे पाठवलं. पोलिसांनी शस्त्र शाखेचं पत्र आणा म्हटलं. शस्त्र शाखेचे लिपिक रजेवर. पुन्हा गेलो, फाईल टपालात. अकरा हेलपाटे झाले, प्रत्येक वेळी शेतातलं काम सोडून. रायफल घेताना याच लोकांनी माझी कुंडली काढली होती, चारित्र्य पडताळणी, शेजाऱ्यांचे जबाब, सातबारा. रायफलीची तपासणी मात्र बॉडीचा एक नंबर बघून उरकली. बोल्टकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गुन्हा नोंदवत नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, अर्जात तेच लिहा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, वकील नसला तरी चालतं. मी दाखल केलंय. पण माझ्या हातात बिल ३५,००० चंच.

आणखी एक, हे सगळ्या परवानाधारकांसाठी. निवडणुकीत हत्यारं जमा होतात तेव्हा पावतीवर फक्त बॉडीचा नंबर असतो. परत घेताना बोल्ट तुमचाच आहे का, बघितलंय कधी? जमा करण्याआधी बोल्टच्या नंबराचा जवळून फोटो काढून ठेवा.

माझी रायफल सध्या ठाण्यात जमा आहे. अंमलदारांनी पावती लिहिली, त्यात बोल्टचा नंबर नव्हता. मी लिहा म्हटलं. ते म्हणाले, त्याला रकाना नाही. मी म्हटलं, समासात लिहा. अर्धा तास तिथून हललो नाही. शेवटी लिहिला, वाकड्या दोन आकड्यांसकट, आणि खाली सही केली.