मेजर मराठवाड्यात, मायनर कुठं? बारावीनंतरच्या आंतरविद्याशाखीय पदव्यांची तुलना

नीटचा पुढचा अटेम्प्ट पक्का ठरलेला असेल किंवा डोक्यात इंजिनिअरिंगचे कॅप राउंड फिरत असतील, तर हे वाचण्यात वेळ घालवू नका. हे लिहिलंय ते बायोलॉजी आवडणाऱ्या पण इतिहासही न सुटणाऱ्या लेकरासाठी. किंवा अशा पोरीसाठी, जिला गणितात चांगले मार्क आहेत, पण २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी का आणावं लागलं हा प्रश्न गणितापेक्षा जास्त छळतो. आईवडिलांनीही वाचावं, कारण फॉर्म मुलं भरत असली तरी निर्णय घरातच होतो.

ते लातूरचं पाणीच घ्या. आपल्या पायाखालचा काळा बेसाल्ट पाणी धरतो ते फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत, हा भूशास्त्राचा भाग. तरी शेतकरी ऊसच का लावतो, याचं उत्तर अर्थशास्त्रात आणि थोडं कारखान्याच्या राजकारणात सापडतं. २००९ चा भूजल कायदा असूनही बोअर का थांबत नाहीत, हा प्रशासनाचा विषय. बीडची माणसं दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला का निघतात, हे समाजशास्त्रात येतं. एकाच विभागात बसून हा प्रश्न कुणाला पुरा समजत नाही.

नेदरलँड्समध्ये उट्रेख्त विद्यापीठानं १९९८ साली अशा शिक्षणासाठी युनिव्हर्सिटी कॉलेज काढलं. विद्यापीठाच्या आतच एक छोटं निवासी कॉलेज, लहान वर्ग, प्रत्येक विद्यार्थ्यामागं एक मार्गदर्शक शिक्षक, आणि मुख्य विषय थोडं फिरून, चाखून मग ठरवायचा. पुढं मिडलबर्ग (२००४), ॲमस्टरडॅम (२००९), हेग (२०१०) इथंही तशी कॉलेजं निघाली. आपल्याकडं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं विषय मिसळण्याची कल्पना आणली, पण ती मोजक्या कॉलेजांपुरती न ठेवता सरसकट सगळ्यांना लागू केली. कागदावर आज अंबाजोगाईचा बी.ए.सुद्धा आंतरविद्याशाखीय आहे. वर्गात तो किती उतरतो, ते कॉलेजागणिक बदलतं.

गावचं कॉलेज

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येतात. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात. दोन्हीकडं आराखडा राज्याचाच: तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ क्रेडिटची. एक मेजर म्हणजे मुख्य विषय, एक मायनर म्हणजे जोडविषय, शिवाय ओपन इलेक्टिव्ह. ही ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावी लागते. म्हणजे केमिस्ट्रीवाल्यानं वाणिज्य किंवा मानव्यविद्येतलं काहीतरी शिकणं भागच आहे. नियम म्हणून हे उत्तम आहे.

मी स्वतः सीनियर कॉलेजात शिकवतो, म्हणून नियमापलीकडचं सांगतो. मायनर कोणते मिळणार हे शासन निर्णयावरून ठरत नाही, कॉलेजात कोणते शिक्षक आहेत यावरून ठरतं. अनेक कॉलेजांत निम्मं शिकवणं तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या प्राध्यापकांवर चालतं. ते बिचारे जीव ओतून शिकवतात, पण पुढच्या सत्रात ते तिथं असतीलच असं नाही. मग भूगोलाच्या पोराला मानसशास्त्र हवं असतं आणि हातात पडतं ते ज्याचे सर रिकामे आहेत ते. टाइमटेबलमध्ये दोन विद्याशाखांचे तास एकाच वेळी लागले की ओपन इलेक्टिव्ह फक्त गुणपत्रिकेवर उरते.

म्हणून प्रवेशाआधी ऑफिसात नाही, विभागात जा. मागच्या वर्षी कोणकोणत्या मायनरचे तास खरोखर झाले, ते शिकवणारे कायम आहेत का, चौथं वर्ष इथंच होतं की दुसरीकडं जावं लागतं, हे विचारा. चौथ्या वर्षाचा प्रश्न साधा वाटतो, पण संशोधनासह ऑनर्स करायची असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि कॉलेजात मार्गदर्शकही असावे लागतात. तालुक्याच्या कॉलेजात ते बहुतेकदा नसतात. चार वर्षं झाली तर पुढचं एम.ए. किंवा एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकतं, त्यामुळं हे आधीच माहीत असलेलं बरं.

एवढं सगळं बोलूनही मी गावच्या कॉलेजाला कमी लेखत नाही. खर्च नगण्य, खोलीभाडं नाही, महाडीबीटीची शिष्यवृत्ती सरळ लागते, सकाळी कॉलेज आणि दुपारी एमपीएससीची अभ्यासिका जमते. शिवाय एक वाट अशी आहे जिच्याकडं लोक फार कमी बघतात. २०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. गावच्या कॉलेजातून रेग्युलर बी.एस्सी. आणि सोबत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं किंवा इग्नूचं बी.ए., असं करता येतं. नाहीतर अर्थशास्त्राच्या बी.ए.सोबत आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी. ती २०२० साली सुरू झाली. तिला जेईई लागत नाही, बारावीची कोणतीही शाखा चालते, फक्त दहावीत गणित आणि इंग्रजी हवं. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची, पुढच्या परीक्षा केंद्रावर जाऊन. उत्पन्न आणि प्रवर्गानुसार फी ७५ टक्क्यांपर्यंत माफ होते. मधेच थांबलात तरी केलेल्या टप्प्याचं प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा हातात राहतो. खरं सांगायचं तर अर्थशास्त्र अधिक डेटा सायन्स ही जोडी कुठल्याही चकचकीत माहितीपत्रकातल्या अभ्यासक्रमाच्या तोडीची आहे. अट एकच, घरात रोज दोन तास कुणी न सांगता बसण्याची सवय लागते. ती नसेल तर हा पैसा वाया.

तुळजापूर

टाटा समाजविज्ञान संस्था म्हटलं की सगळ्यांना मुंबईचं देवनार आठवतं. तुळजापुरात तिचा ग्रामीण परिसर १९८६ पासून आहे, हे धाराशिव जिल्ह्याबाहेर अनेकांच्या गावीही नसतं. तिथं पदवीच्या पातळीवर समाजविज्ञान, समाजकार्य, ग्रामविकास हे एकमेकांत मिसळून शिकवतात, आणि शेजारची गावं हाच अभ्यासाचा भाग असतो. वर मी पाण्याचं जे उदाहरण दिलं, ते इथं पुस्तकातून नाही तर चालत जाऊन शिकता येतं.

पदवीचा प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. ही परीक्षा मराठीसह १३ भाषांत देता येते, त्यामुळं मराठी माध्यमाच्या मुलांनी नुसत्या नावानं घाबरू नये. शिकवणं मात्र इंग्रजीत, आणि वर्गात केरळपासून आसामपर्यंतची मुलं. पहिलं वर्ष जड जातं. कोणता पदवी अभ्यासक्रम त्या वर्षी तुळजापूरला आहे, ते सीयूईटीच्या माहितीपत्रकात बघूनच फॉर्म भरा, कारण परिसरानुसार अभ्यासक्रम बदलत राहतात.

कुणासाठी? ज्याला एनजीओ, सीएसआर, शासनाच्या योजना, पंचायत, धोरण यांत काम करायचंय त्याच्यासाठी. विज्ञान सोडवत नसेल तर ही जागा नाही. घरच्यांना सांगताना अडचण येते ती ‘समाजकार्य म्हणजे फुकट सेवा’ या समजाची. हा पगारी व्यवसाय आहे. सुरुवातीचा पगार इंजिनिअरइतका नसतो, पण बेकार बी.एस्सी.पेक्षा बरा.

विज्ञान सोडायचं नसेल तर

लातूर पॅटर्ननं आपल्याला एक सवय लावली: बायोलॉजी म्हणजे नीट आणि नीट म्हणजे एमबीबीएस. तेवढीच तयारी करून जवळजवळ त्याच अभ्यासावर आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची परीक्षा देता येते, आणि मराठवाड्यातून ती देणारी मुलं अजूनही थोडी वाटतात. देशात सात आयसर आहेत, पुण्याचं २००६ पासून पाषाणला. परीक्षेचं नाव आयएटी: जीव, रसायन, गणित, भौतिक या चारही विषयांचे प्रत्येकी १५ असे ६० प्रश्न, २४० गुण, तीन तास. बारावीत या चारपैकी तीन विषय असले तरी बसता येतं. गणित सोडलेल्या मुलांना तो भाग अवघड जातो, पण दार बंद नाही. पाच वर्षांच्या बीएस-एमएसमध्ये सुरुवातीच्या सत्रांत सगळ्या विज्ञानांचा पाया घालतात आणि नंतर निवड करायची. हवामान, जैवमाहिती, मटेरिअल सायन्स अशा मधल्या हद्दीतल्या विषयांवर जिवंत संशोधन चालतं, ते गावच्या प्रयोगशाळेत होत नाही.

आयसर आणि गावची बी.एस्सी. दोन्ही मिळत असतील तर मी विचारच करणार नाही, आयसर. केंद्राची संस्था असल्यानं कर्जही सोपं: २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण लागत नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे. ज्याला शुद्ध विज्ञानात पुढं जायचं नाही, फक्त ‘मेडिकल नाही तर काहीतरी’ म्हणून जायचंय, त्यानं मात्र जाऊ नये. पाच वर्षं लांब असतात.

पुणे, बेंगळुरू, सोनीपत

लिबरल आर्ट्‌सच्या, म्हणजे विषय मोकळेपणानं मिसळू देणाऱ्या, खासगी संस्थांत पुण्यातलं सिंबायोसिस स्कूल फॉर लिबरल आर्ट्‌स (२०११) आणि फ्लेम, हरियाणातलं अशोका (२०१४) ही नावं सतत कानावर येतात. शिकवणं खरोखर मोकळं असतं. तत्त्वज्ञान आणि संगणकशास्त्र अशी जोडी इथं नुसती कागदावर राहत नाही. लेखन शिकवतात, आणि ते आपल्या कॉलेजांत जवळपास कुणीच शिकवत नाही. त्याबद्दल मला हेवा वाटतो.

पण फी. अशोकासारख्या ठिकाणी वर्षाचं गणित वसतिगृहासह दहा लाखांच्या पुढं जातं. चार वर्षं धरा आणि आपल्या सोयाबीनच्या पट्टीशी ताडून बघा. मुलींना २०२४ पासून मिळालेली शंभर टक्के फी माफी इथं लागू नाही: ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तिच्यातून वगळली आहेत. अनेक पालक हे न वाचताच हिशेब मांडतात.

शेत विकून किंवा तारण ठेवून लिबरल आर्ट्‌स करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. संस्थेनं आर्थिक मदत देऊ केली, तीही लेखी आणि चारही वर्षांसाठी, तर जरूर जा. अशोकाची गरजेवर आधारित मदत आहे. बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ या बाबतीत सगळ्यांत उदार: कुटुंबाच्या उत्पन्नानुसार फी आणि राहण्याखाण्याचा खर्च शंभर टक्क्यांपर्यंत माफ होऊ शकतो. प्रवेश परीक्षा आणि मुलाखतीनं प्रवेश, चार वर्षांची ऑनर्स, आणि सगळ्यांना सामाईक असे विषय. दोन हेक्टर कोरडवाहूवाल्या घरातल्या हुशार मुलीनं या यादीत पहिला फॉर्म इथला भरावा.

परदेशाचं थोडक्यात: नेदरलँड्सची कॉलेजं इंग्रजीतून आणि तीन वर्षांची आहेत, पण युरोपबाहेरच्यांना वर्षाची फी पाच आकडी युरोत पडते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली राज्याची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, पदवीसाठी नाही. तेव्हा पदवी इथं करून एम.ए.ला तिकडं जाणं शहाणपणाचं.

गुणपत्रिकेवर काय छापलं जातं

नोकरीचा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, आणि उत्तर फार क्वचित नीट मिळतं. एमपीएससी-यूपीएससीला कोणतीही मान्यताप्राप्त पदवी चालते, तिथं अडचण नाही. अडचण येते ती बी.एड. आणि शिक्षक भरतीत, जिथं पदवीला कोणता विषय होता ते बघतात. ‘लिबरल आर्ट्‌स’ एवढंच छापलेलं असेल तर खिडकीवरचा कारकून कागद परत करतो आणि तुम्ही विद्यापीठाच्या दाखल्यामागं महिनाभर फिरता. मेजर इतिहास, मायनर अर्थशास्त्र असं स्पष्ट येतं का, हे सीनियरची गुणपत्रिका मागून बघा. शिक्षक व्हायचंच असेल तर गावचं कॉलेज पुण्याच्या महागड्या पदवीपेक्षा सरळ रस्ता आहे.

घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि मुलगा-मुलगी विज्ञानात रमणारी असेल तर माझा क्रम असा: आयएटी, मग संभाजीनगर-नांदेड-लातूरची मोठी अनुदानित कॉलेजं, सोबत आयआयटी मद्रास. कला शाखेची असेल तर अझीम प्रेमजी आणि तुळजापूर एकाच वेळी, आणि हाताशी गावचं कॉलेज.

आता कागदपत्रं. डिजिलॉकरवरून एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटच्या बँकेतला तुमचा खाते क्रमांक, काढून ठेवा, क्रेडिट त्यातच जमा होतात आणि कॉलेज बदलताना तेच उपयोगी पडतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि लागत असेल तर नॉन-क्रिमिलेअर बारावीची परीक्षा संपली की लगेच काढा. निकालानंतर सेतू केंद्रात सगळा तालुका एकदम येतो, आणि खासगी विद्यापीठांच्या आर्थिक मदतीच्या तारखा तोवर उलटून गेलेल्या असतात.