घरात फुलं मांडायचीत? दांड्याची घ्यावीत की सुटी?

बेळगावात ताज्या फुलांना तोटा नाही. पण गणपत गल्लीच्या बाजारात टोपली मांडून बसलेल्या मावशींकडची बहुतेक फुलं देवासाठी नि हारासाठी खुडलेली असतात. शेवंती, झेंडू वजनावर मिळतात, पण त्यांना दांडा नसतो. फुलदाणीसाठी लागणारे गुलाब, जरबेरा आणि निशिगंधाचे दांडे बुके करणाऱ्यांच्या दुकानात मिळतात, आणि ते महाग पडतात. म्हणून नवशिक्यानं भांडं घेण्याआधी आपल्याला सुटी फुलं मांडायचीत की दांड्याची, हे ठरवावं.

सुट्या फुलांना पसरट भांडं लागतं. घरातली पितळी परात चालते. दोन बोटं पाणी घ्या, शेवंतीचं देठ बुंध्याशी कापा, म्हणजे फूल तोंड वर करून तरंगतं. फुलाखालची हिरवी वाटी मात्र ठेवा. ती गेली की पाकळ्या सुटतात. झेंडूही छान तरंगतो. गुलाबाच्या सुट्या पाकळ्या लवकर भिजून काळ्या पडतात. परात गच्च भरू नका, मधे थोडं पाणी दिसू द्या. यात चुकण्यासारखं फारसं काही नाही आणि खर्चही कमी, पण मजा दीड-दोन दिवसांची. पाहुणे येणार असतील किंवा सणाचा दिवस असेल तर हेच करा.

दांड्याची फुलं जास्त टिकतात, पण रोज थोडं लक्ष मागतात. पहिलं भांडं म्हणून अरुंद तोंडाचा तांब्या घ्या. त्यात दांडे आपोआप सावरून उभे राहतात. रुंद काचेच्या भांड्यात चार दांडे टाकले की ते चारी दिशांना पडतात नि माणूस हिरमुसतो. दांडा धारदार सुरीनं किंवा विळीवर तिरका कापा. बोथट कात्रीनं तो चेचला जातो आणि पाणी नीट चढत नाही. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढा, नाहीतर ती कुजून पाण्याला वास येतो. दिवसाआड पाणी बदला आणि प्रत्येक वेळी दांडा थोडा पुन्हा कापा. फळांची टोपली जवळ नको. पिकणाऱ्या केळ्यांतून इथिलीन वायू निघतो, त्यानं फुलं लवकर कोमेजतात.

फूल कोणतं घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे: दांड्याची शेवंती. पाणी बदलत राहिलात तर आठवडाभर सहज राहते, बहुधा पानं आधी मलूल होतात, फुलं नंतर. बाजारात आदल्या दिवशी विचारून ठेवा, “मावशी, दांड्यासकट शेवंती मिळंल काय?” निशिगंधाची फुलं खालून वर उमलत जातात, खालची सुकलेली खुडत राहिलात तर आठवडाभर सुवास राहतो. जरबेरा दिसायला सर्वांत देखणा, पण नवशिक्याला दगा देतो. त्याचा दांडा मऊ, लवदार. भांडं काठोकाठ भरलं तर कुजतो आणि फूल मान टाकतं. घेतलाच तर तीन-चार बोटंच पाणी ठेवा.

पसरट भांड्यात दांडे उभे करायचे असतील तर पिन होल्डर, म्हणजे खिळ्यांचा जड ठोकळा, एकदाच घ्यावा. त्यावर तीन दांडे खोचा: सर्वांत उंच दांडा भांड्याची रुंदी नि खोली मिळून होईल त्याच्या दीडपट, बाकीचे त्याहून आखूड. हिरव्या स्पंजासारखा फोम मी सुचवणार नाही. दांडा काढून पुन्हा खोचला की आत पोकळी राहते आणि पाणी लागत नाही, शिवाय तो प्लास्टिकचाच प्रकार, कुजत नाही. लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकामाच्या संस्थेनं 2021 पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला बंदी केली आहे.

पावसाळ्यात आपल्याकडे फुलं भिजूनच बाजारात येतात. पाकळ्यांत पाणी राहिलं तर डाग पडून सडतात, म्हणून घरी आणल्यावर दांडे उलटे धरून हलकेच झटका आणि पंख्याखाली थोडा वेळ ठेवा, मगच तांब्यात घाला.